सोळा हजार घरांचा पट आणि एक मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकोणचाळीस अंकांची ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही पूर्ण संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे १८७६ मध्ये एका फ्रेंच शिक्षकाने जाहीर केले. पुढची ७५ वर्षे ज्ञात मूळ संख्यांमध्ये ती सर्वांत मोठी होती. यंत्राची मदत न घेता सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये तर ती आजही सर्वांत मोठी आहे. आणि हा निर्णय देण्यासाठी त्या शिक्षकाने एकामागून एक विभाजक लावून पाहिले नव्हते. मग त्याला कळले कसे, आणि जगाने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? त्याचा हा धागा.

आधी या संख्येचा आवाका. एकं, दहं, शतं करत चढणाऱ्या आपल्या जुन्या गणनेची शेवटची पायरी म्हणजे परार्ध, १ वर १७ शून्ये. परार्धाला परार्धाने गुणावे आणि येणाऱ्या गुणाकाराची सतरा हजार पट करावी, म्हणजे या संख्येच्या जवळपास पोहोचता येते.

मात्र हीच संख्या एका ओळीत सांगता येते: २ चा १२७ वा घात वजा १. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत जाण्याची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. पटाच्या ६४ घरांचे मिळून २ चा ६४ वा घात वजा १ इतके दाणे होतात. पटाला १२७ घरे असती, तर दाण्यांची बेरीज नेमकी वरची संख्या झाली असती.

अशा सगळ्याच बेरजा मूळ नसतात. ६४ घरांच्या दाण्यांना ३ ने निःशेष भाग जातो. घातांक स्वतः संयुक्त असेल तर येणारी संख्याही संयुक्त असते, हे सहज सिद्ध होते. घातांक मूळ असेल तर? २, ३, ५, ७ या घातांकांनी ३, ७, ३१, १२७ या मूळ संख्या मिळतात आणि आशा वाढते. पुढचा घातांक ११. त्याची संख्या २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. नियम तिथेच मोडतो. कोणता मूळ घातांक मूळ संख्या देईल, हे सांगणारे सूत्र आजही कोणाजवळ नाही.

या संख्यांना मारिन मर्सेनचे नाव मिळाले. मर्सेन (१५८८-१६४८) हा पॅरिसमधला एक धर्मगुरू. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले, आणि विज्ञानाची नियतकालिके नव्हती त्या काळात एकाचा शोध दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्याची पत्रे करत. १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने एक यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच मूळ संख्या देतात, बाकीचे देत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

सिद्धता त्याने दिली नाही. देणे शक्यही नव्हते. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळ अपुरा पडेल, अशा अर्थाचे विधान खुद्द मर्सेननेच केलेले आहे. त्याच्या यादीतली शेवटची संख्या तर ७८ अंकी आहे. तरीही यादी इतकी ठाम होती की पुढची तीनशे वर्षे गणिती तिच्यामागे लागले. एखादे चुकीचे विधानही पुरेशा निश्चयाने केले तर किती कामाला येते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. कारण यादी चुकलेली होती. किती, ते पुढे.

यादीवरचा पहिला मोठा टप्पा गाठला लेओनहार्ड ऑयलरने. १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली असताना, त्याने २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. पद्धत भागाकाराचीच होती, पण हुशारीने आवरलेली. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी अवयव तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा नसतो, म्हणून ४६३४० च्या पुढे जाण्याचे कारण नव्हते. शिवाय मर्सेन संख्येचा कोणताही अवयव घातांकाच्या दुपटीने भागल्यास बाकी १ च उरते. २०४७ चे अवयव पाहावेत: २३ आणि ८९, दोघांनाही २२ ने भागले की बाकी १. त्यातही ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरणारेच अवयव चालतात. एवढी चाळणी लावल्यावर थोडेच उमेदवार उरतात, आणि ते एकेक करून तपासता येतात.

१८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लो याने ऑयलरच्या या संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिताना भाकीत केले की याहून मोठी कोणी शोधणार नाही. अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काहीच नाही, तेव्हा कष्ट घेणार कोण? बार्लोच्या दुर्दैवाने २१४७४८३६४७ ही संख्या आज जगातल्या असंख्य संगणकांत ठाण मांडून बसली आहे. ३२ अंकी द्विमान मांडणीत चिन्हासह मावणारी ती सर्वांत मोठी पूर्ण संख्या. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी नेमकी याच आकड्यावर येऊन संपणार आहे.

ऑयलरचा मार्ग १२७ या घातांकाला लावला तर काय होते? वर्गमूळ वीस अंकी. ऑयलरच्या दोन्ही चाळण्या लावूनही सुमारे अडीच कोटी अब्ज उमेदवार उरतात. दर सेकंदाला एक भागाकार, दिवसरात्र, न थांबता केला तर ८० कोटींहून अधिक वर्षे लागतील. ज्याला उत्तर हवे त्याने भागाकाराची वाटच सोडली पाहिजे, हे उघड होते.

ती वाट सोडणारा माणूस म्हणजे एदुआर लुकास. जन्म १८४२, आमियँ. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिक्षण, मग पॅरिस वेधशाळेत नोकरी. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता. युद्ध संपल्यावर तो शाळामास्तर झाला आणि अखेरपर्यंत शाळामास्तरच राहिला. आधी मुलँमध्ये, नंतर पॅरिसच्या नामांकित शाळांत. ज्याच्या नावाची कसोटी आज जगातल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्यांना लावली जाते, त्या माणसाच्या वाट्याला विद्यापीठाचे आसन आले नाही.

त्याचे दुसरे वेड म्हणजे गणिती खेळ. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचे ‘हनोईचे मनोरे’ हे कोडे त्यानेच १८८३ मध्ये बाजारात आणले, तेही टोपणनावाने, ‘सयामचा एन. क्लाउस’ हे त्याच्याच नावागावाची अक्षरे उलटसुलट करून तयार केलेले नाव. काशीच्या देवळात ब्राह्मण ६४ सोन्याच्या चकत्या हलवत बसले आहेत आणि ते काम संपेल तेव्हा जग संपेल, ही या कोड्यासोबत फिरणारी दंतकथा काशीत नव्हे, फ्रान्समध्ये जन्मली. त्या खेळात चकत्या जितक्या, तितकाच घातांक: ६४ चकत्यांना किमान २ चा ६४ वा घात वजा १ खेळ्या लागतात. मर्सेनच्या संख्या लुकासच्या खेळण्यातही अशा दडून बसलेल्या आहेत.

आता मुख्य प्रश्न. एकही अवयव न शोधता संख्या मूळ आहे हे कसे सांगणार?

लुकासचे लक्ष संख्येकडून तिच्या शेजाऱ्याकडे वळले. आपल्या ३९ अंकी संख्येच्या अवयवांबद्दल काहीच माहीत नाही. पण तिच्यात १ मिळवला की २ चा १२७ वा घात येतो, आणि त्याचे अवयव तर उघडे पडलेले आहेत, कारण २ खेरीज दुसरा मूळ अवयव त्याला नाही. शेजाऱ्याच्या घरातून या घरातले रहस्य पाहता येईल का?

येते, आणि त्यासाठी खिडकी म्हणून लुकासने वापरली ती १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ ही क्रमिका. प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज. तिला फिबोनाचीचे नाव प्रचलित करणारा लुकासच. भारतात मात्रावृत्तांच्या शास्त्रकारांनी लघू-गुरूंच्या रचना मोजताना हीच क्रमिका फिबोनाचीच्या आधी ओळखली होती; विरहांक आणि बाराव्या शतकातला हेमचंद्र यांच्या ग्रंथांत ती आहे. लुकासच्या पॅरिसमध्ये मात्र ती इटलीमार्गे पोहोचली होती.

या क्रमिकेत प्रत्येक मूळ संख्येचे पहिले दर्शन ठरावीक जागी होते. ७ ने निःशेष भाग जाणारे पहिले पद २१, ते आठवे. ११ ने भाग जाणारे पहिले पद ५५, ते दहावे. १३ ने भाग जाणारे पहिले पद १३ च, ते सातवे. आकृतिबंध असा की, ५ चा अपवाद सोडल्यास, हे स्थान त्या मूळ संख्येहून एकाने मोठ्या किंवा एकाने लहान संख्येचा विभाजक असते. ७ साठी ८, ११ साठी १०, १३ साठी १४ च्या निम्मे ७.

लुकासने हे उलट बाजूने वापरले. एखाद्या विषम संख्येचे प्रथम स्थान नेमके तिच्याहून एकाने मोठे आले, तर ती संख्या संयुक्त असूच शकत नाही. आपल्या संख्येसाठी ते स्थान २ चा १२७ वा घात असायला हवे. आणि शेजाऱ्याचा अवयव फक्त २ असल्यामुळे सगळी स्थाने तपासावी लागत नाहीत. २, ४, ८, १६ अशी दुपटीने उड्या मारत जाणे पुरते.

या उड्यांसाठी त्याने एक जोडक्रमिका घेतली: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७. बेरजेचा नियम तोच, सुरुवात वेगळी. तिच्यातली दुपटीच्या जागांवरची पदे ३, ७, ४७, २२०७ अशी येतात, आणि त्यांचा नियम विलक्षण सोपा आहे: आधीच्या पदाचा वर्ग करावा आणि २ वजा करावेत. ३ चा वर्ग ९, वजा २, झाले ७. ७ चा वर्ग ४९, वजा २, झाले ४७. कसोटी अशी की घातांकाहून एकाने लहान क्रमांकाच्या पदाला आपल्या संख्येने निःशेष भाग जातो का, ते पाहावे. गेला तर मूळ, न गेला तर संयुक्त. (३ पासूनची ही सुरुवात ४ ने भागल्यास बाकी ३ उरणाऱ्या घातांकांना चालते; १२७ त्यांतलाच.)

छोट्या उदाहरणावर ते करून पाहता येते. घातांक ७, संख्या १२७. सहावे पद हवे. प्रत्येक पायरीला १२७ ने भागून बाकीच ठेवावी म्हणजे आकडे फुगत नाहीत. ३, ७, ४७. मग २२०७, त्याची बाकी ४८. ४८ चा वर्ग वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६. १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. १२७ मूळ आहे.

१२७ या घातांकासाठी हेच १२५ वेळा वर्ग करून साधायचे. ८० कोटी वर्षांचे काम सव्वाशे पायऱ्यांवर आले. पण प्रत्येक पायरीला ३९ अंकी संख्येचा वर्ग, तो ७७-७८ अंकी, आणि त्याला पुन्हा ३९ अंकी संख्येने भागून बाकी. एका पायरीत एक अंक चुकला तर पुढचे सगळे व्यर्थ.

इथे लुकासमधला खेळिया कामाला आला. त्याने ही आकडेमोड बुद्धिबळासारख्या पटावर नेली: १२७ गुणिले १२७ घरांचा पट, म्हणजे १६१२९ घरे, आणि अंकांच्या जागी प्यादी. द्विमान पद्धतीत अंक दोनच, ० आणि १. घरात प्यादे असले तर १, घर रिकामे असले तर ०.

द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने १२७ एक. हा तिचा सर्वांत उपयोगी गुणधर्म. दशमान पद्धतीत ९९९ ने भागल्यावरची बाकी काढायला भागाकार लागत नाही. १२३४५६ चे तीन-तीन अंकांचे तुकडे करून १२३ आणि ४५६ यांची बेरीज केली की ५७९ ही बाकी हाती येते. अंकांची बेरीज करून नऊने भाग जातो का पाहण्याची शाळेतली युक्ती हीच. १२७ एकांच्या संख्येलाही ती तशीच लागू पडते: १२७ व्या स्थानापलीकडे जे काही सांडेल ते उचलून पुन्हा पहिल्या स्थानापासून मांडावे. भागाकार संपला.

पटावर ते असे घडते. ज्या संख्येचा वर्ग करायचा ती प्याद्यांनी एका ओळीत मांडायची. पुढच्या प्रत्येक ओळीत तीच मांडणी एक घर डावीकडे सरकवायची, आणि डाव्या कडेवरून जे प्यादे बाहेर पडेल ते उजव्या कडेने आत घ्यायचे. संख्येत ज्या स्थानी ० असेल ती ओळ रिकामी. मग उभ्या रांगांची बेरीज. एका रांगेत दोन प्यादी असली की ती दोन्ही उचलायची आणि डावीकडच्या रांगेत एक ठेवायचे, हा हातचा. सर्वांत डावीकडच्या रांगेचा हातचा सर्वांत उजवीकडे. प्रत्येक रांगेत जास्तीत जास्त एक प्यादे उरले की ती बाकी तयार. तिच्यातून २ वजा करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. अखेरच्या पायरीनंतर पट पूर्ण रिकामा उरला, किंवा शेवटच्या ओळीत १२७ च्या १२७ घरांत प्यादी उभी राहिली, तर संख्या मूळ.

१२५ पायऱ्यांत मिळून २० लाखांहून थोडी अधिक घरे. एका माणसाच्या आवाक्यातले काम, पण जेमतेम. लुकासने निष्कर्ष १८७६ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात मांडला. दोन वर्षांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’च्या पहिल्याच खंडात या क्रमिकांचा त्याचा विस्तृत प्रबंध आला.

याच कसोटीतून एक अधिक विचित्र गोष्ट निघाली, आणि तत्कालीन गणितींना ती पचायला जड गेली असल्यास नवल नाही. मर्सेनच्या यादीतला ६७ हा घातांक. कसोटी लावल्यावर बाकी शून्य येत नाही, म्हणून ती २१ अंकी संख्या, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, संयुक्त आहे, असेही लुकासने १८७६ मध्येच दाखवले. पण कोणत्या संख्यांचा हा गुणाकार? ते त्याला सांगता येईना. कसोटी ‘तुटते’ एवढेच म्हणते, कुठे तुटते ते सांगत नाही. चोरी झाल्याचे सिद्ध, चोर मात्र बेपत्ता, अशी ही अवस्था २७ वर्षे टिकली.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल याचे मोठ्या संख्यांच्या अवयवांवर व्याख्यान होते. गणिताचा इतिहासकार ई. टी. बेल याने सांगितलेली कथा अशी: कोल फळ्यापाशी गेला, काही न बोलता २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरे एकच आली. तो जागेवर जाऊन बसला आणि सभागृहात टाळ्या झाल्या. हे शोधायला किती काळ लागला, असे विचारल्यावर त्याने म्हणे तीन वर्षांचे रविवार सांगितले. बेल कथा रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध होता, त्यामुळे मौनाचा नाट्यमय भाग सावधपणे घ्यावा. गुणाकार मात्र कोणीही ताडून पाहू शकतो.

आणि फरक नेमका इथेच आहे. कोलचे उत्तर तपासायला एक गुणाकार पुरतो. लुकासचे उत्तर तपासायला सगळे काम पुन्हा करावे लागते. ‘मूळ आहे’ या विधानामागे दाखवायला काहीच नाही, फक्त सव्वाशे पायऱ्यांच्या शेवटी आलेले एक शून्य. लुकास १८९१ मध्ये गेला. मार्सेयमधल्या एका विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून ताटल्या पडल्या, उडालेली कपची गालाला लागली, जखम चिघळली आणि काही दिवसांत, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो वारला. त्याची संख्या मात्र मूळ संख्यांच्या यादीत सर्वांत वर होती, आणि ती तिथे होती ती बव्हंशी एकाच माणसाच्या शब्दावर.

ते काम पुन्हा करणारा माणूस अखेर निघाला. फ्रेंच गणिती फोकँबेर्ग याने द्विमान पद्धतीनेच बाकी काढत १९१४ मध्ये लुकासच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. कसोटीमागच्या सिद्धांताला नेटका, सर्व विषम मूळ घातांकांना चालणारा आकार दिला तो अमेरिकेच्या डी. एच. लेहमरने १९३० मध्ये. ३ ऐवजी ४ पासून सुरुवात करावी, बाकी सगळे तसेच. आज ती लुकास-लेहमर कसोटी म्हणून ओळखली जाते.

दरम्यान मर्सेनची यादी ढासळत होती. १८८३ मध्ये रशियातल्या इव्हान पेर्वुशिन या ग्रामीण धर्मगुरूने दाखवले की ६१ हा घातांकही मूळ संख्या देतो. मर्सेनने तो सोडला होता. ६१ च्या जागी चुकून ६७ छापले गेले असावे, असा बचाव काहींनी केला. पण मग १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ हेही निसटलेले घातांक सापडले, आणि १९२० च्या दशकात यादीतला शेवटचा २५७ संयुक्त संख्येचा निघाला. पाच चुका: दोन नको ते आत, तीन हवे ते बाहेर. २५७ पर्यंतचा सगळा हिशेब पुरा व्हायला १९४७ उजाडले. मर्सेनच्या ग्रंथाला तेव्हा ३०३ वर्षे झाली होती. १२७ बाबत मात्र त्याचा अंदाज खरा ठरला, आणि तो कशावरून केला हे कोडेच राहिले.

१९५१ मध्ये लुकासच्या संख्येचा पहिला मान गेला. फेरिये याने टेबलावरच्या यांत्रिक गणनयंत्राच्या मदतीने ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी संख्या गाठली, आणि ती बांधली होती लुकासच्याच संख्येवर: तिचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. पदच्युत करणारीनेही तिच्याच खांद्यावर उभे राहावे, ही गोष्ट इतिहासाला शोभणारी आहे.

पुढच्या वर्षी ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर रॅफेल रॉबिन्सनने लिहिलेला लुकास-लेहमर कसोटीचा प्रोग्राम चालला. रॉबिन्सन बर्कलेचा, यंत्र न पाहता, माहितीपुस्तिका वाचून त्याने तो लिहिला होता. त्याच दिवशी ५२१ आणि ६०७ हे दोन नवे घातांक सापडले, आणि वर्ष संपायच्या आत आणखी तीन. लुकासच्या पटावरची प्यादी आता विजेच्या स्पंदांत धावू लागली होती. नियम तेच, वर्ग करा, २ वजा करा, सांडलेले परत आत घ्या.

आजही तेच आहेत. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरंट याने, जगभरच्या हौशी लोकांचे संगणक जोडणाऱ्या ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ या उपक्रमात, १३६२७९८४१ हा घातांक शोधला. ती संख्या ४,१०,२४,३२० अंकांची. तिच्यावर अंतिम शिक्का बसला तो लुकास-लेहमर कसोटीचाच. कोणत्याही आकाराच्या संख्येसाठी झटपट निर्णय देणारी सर्वसाधारण रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली, आणि तो फार मोठा सैद्धांतिक विजय होता. तरी प्रत्यक्ष विक्रमांच्या शर्यतीत लुकासच्या खास कसोटीचा वेग कोणाला गाठता आलेला नाही. लुकासच्या ३९ अंकी संख्येलाही बार्लोच्या मते नसायला हवा होता तो उपयोग सापडला आहे. सांडलेले परत आत घेण्याच्या त्याच गुणामुळे तिच्या आधारे बाकीचे गणित फार वेगाने होते, म्हणून गुप्तलेखनाच्या काही आधुनिक पद्धती, उदाहरणार्थ २०१५ मध्ये मांडलेला ‘फोरक्यू’ हा वक्र, तिच्यावर उभारलेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र तशीच पडून आहे. २ घातांक घेतला की ३ मिळते. ३ घातांक घेतला की ७. ७ घातांक घेतला की १२७. १२७ घातांक घेतला की लुकासची संख्या. चारही मूळ. मग लुकासची संख्याच घातांक म्हणून घेतली तर? लुकासचा निकाल जाहीर झाला त्याच वर्षी, १८७६ मध्ये, बेल्जियममधील गणिती यूजेन कातालाँ याने ही साखळी मांडली. तिच्या पुढच्या कडीतल्या अंकांची संख्याच ३८ अंकी आहे. ती कडी लिहून काढणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही, आणि लुकासची कसोटी लावायची तर तेवढ्या रुंदीचा पट लागेल. मागे उरते ती ऑयलरची जुनी चाळणी. या संख्येला अवयव असलाच, तर त्याला लुकासच्या संख्येच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, म्हणजे सर्वांत लहान संभाव्य अवयवही ३९ अंकी. अशा उमेदवारांचा शोध संगणकांवर घेतला गेला आहे. आतापर्यंत एकही सापडलेला नाही.